गोठ्याच्या नोंदवहीत कुत्र्यालाही रकाना हवा

विस्तारकार्याच्या निमित्ताने गोठ्यावर गेल्यावर पशुपालकांना मी एक प्रश्न हमखास विचारतो : लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाची लस केव्हा टोचली? बहुतेक ठिकाणी महिना सांगितला जातो, अनेक ठिकाणी तारीखही पाठ असते, आणि जनावराच्या कानातील बिल्ला अभिमानाने दाखवला जातो. त्यानंतर गोठ्याच्या दाराशी पहुडलेल्या कुत्र्याकडे बोट दाखवून तोच प्रश्न विचारला, की उत्तर येते, “तो काही आपला नाही साहेब, असाच असतो इथं.”

हा ‘असाच असणारा’ कुत्रा त्याच घरची भाकरी खातो, रात्रभर त्याच गोठ्याची राखण करतो आणि घरातील मुले दिवसभर त्याच्याशी खेळतात. परंतु लसीकरणाच्या वा जंतनिर्मूलनाच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव नसते. मांजराचा तर विषयही निघत नाही. आपल्या विस्तारयंत्रणेतील ही उणीव आता दूर झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कुत्रा व मांजर यांची प्रतिबंधक काळजी हा शहरी हौसेचा विषय समजला जातो. वस्तुतः तो पशुधनाच्या आणि कुटुंबाच्या आरोग्याचा विषय आहे. ही काळजी काही मोजक्या, स्वस्त आणि नियमित सवयींची असून, ती एका घराने घेण्यापेक्षा सगळ्या गावाने घेतल्यास तिचे फळ कितीतरी अधिक मिळते. या म्हणण्यास आधार आहे तो जयपूरच्या अनुभवाचा.

जयपूरने काय केले

जयपूरमधील दुर्गापुरा हे नाव तेथील कृषी संशोधन संस्थेमुळे आपल्या क्षेत्रातील अनेकांच्या परिचयाचे आहे. याच दुर्गापुऱ्यात, महाराणी फार्म येथे, ‘हेल्प इन सफरिंग’ ही प्राणिसेवी संस्था आहे. क्रिस्टल रॉजर्स या ब्रिटिश महिलेने १९८० मध्ये ती स्थापन केली. नोव्हेंबर १९९४ पासून या संस्थेने शहराच्या एका निश्चित भागातील गल्लीबोळांतील कुत्री पकडून त्यांचे निर्बीजीकरण करणे, त्यांना रेबीजची प्रतिबंधक लस टोचणे आणि जेथून पकडले त्याच जागी पुन्हा सोडणे, असा कार्यक्रम पद्धतशीरपणे हाती घेतला. भर प्रामुख्याने माद्यांवर होता.

या कामाचे निष्कर्ष पुढे २००६ मध्ये एका पशुवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर १९९४ ते डिसेंबर २००२ या काळात २४,९८६ कुत्री पकडण्यात आली आणि त्यांपैकी १९,१२९ कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण झाले. कालावधीच्या अखेरीस त्या भागातील सुमारे ६५ टक्के माद्या या कार्यक्रमाखाली आल्या होत्या आणि कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली होती. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की कार्यक्रमाच्या क्षेत्रात माणसांमधील रेबीजचे रुग्ण शून्यावर आले. ज्या भागांत असा कार्यक्रम नव्हता, तेथे मात्र ते वाढतच होते. शहर एकच, हवामान एकच. फरक होता तो आठ वर्षांच्या सातत्याचा. याच शहरातील पुढील अभ्यासात श्वानदंशांच्या संख्येतही घट दिसून आली. पिल्ले असलेली मादी पिलांच्या रक्षणासाठी अंगावर येते. पिल्ले कमी झाली म्हणजे चावण्याचे प्रसंगही कमी होतात.

सातत्य का लागते, याचे उत्तरही जयपूरच्याच अभ्यासातून मिळते. निर्बीजीकरण केलेल्या प्रौढ मादीचे एका वर्षात जगण्याचे प्रमाण तेथे सुमारे ७० टक्के आढळले. हे प्रमाण आपल्या एखाद्या गावास लावून पाहू. गावात १०० प्रौढ कुत्री आहेत आणि एका मोहिमेत आपण ८० कुत्र्यांना लस टोचली. वर्षअखेरीस त्यांपैकी ५६ उरतील. मेलेल्यांची जागा बाहेरून आलेली कुत्री व नवी पिल्ले घेतील आणि त्यांना लस टोचलेली नसेल. रेबीजचा प्रसार रोखण्यासाठी किमान ७० टक्के कुत्री संरक्षित असावी लागतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. म्हणजे अत्यंत यशस्वी वाटलेली मोहीमही दुसऱ्या वर्षी अपुरी पडते. एकदाच मोठा कार्यक्रम, छायाचित्रे आणि नंतर शांतता, ही पद्धत येथे उपयोगाची नाही.

आपल्या शेजारच्या गोव्याचा अनुभवही हेच सांगतो. तेथे २०१३ नंतर राज्य शासन व स्वयंसेवी संस्थेने मिळून वर्षानुवर्षे लसीकरण केले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्या काळात माणसांमधील रेबीजचे निर्मूलन झाले आणि कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक रुग्ण ९२ टक्क्यांनी घटले.

गोठ्यापर्यंत येणारी साखळी

‘कुत्र्याचे आजार कुत्र्यापुरते’ हा समज पशुपालकास महाग पडतो. दुभती म्हैस अचानक खाणे सोडते, तोंडातून लाळ गाळते, घोगऱ्या आवाजात सारखी ओरडते, तिला गिळता येत नाही. घशात काही अडकले असावे, या समजुतीने घरचा माणूस तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतो. दोन-तीन दिवसांत म्हैस मरते आणि मग कोणाला तरी आठवते, की महिन्या-दीड महिन्यापूर्वी एक अनोळखी कुत्रा गोठ्यात शिरला होता. तोवर तिचे दूध घरात, शेजारी आणि संकलन केंद्रावर गेलेले असते. सगळी आळी भयभीत होऊन दवाखान्यात रांग लावते. क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी हे चित्र पाहिले आहे.

येथे दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. गिळता न येणाऱ्या, लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात कधीही घालू नये. प्रथम पशुवैद्यकास बोलवावे. दुसरे असे, की उकळल्याने रेबीजचा विषाणू नष्ट होतो. तरीही बाधित वा संशयित जनावराचे दूध कोणीही वापरू नये.

रेबीजखेरीज इतरही साखळ्या आहेत. कुत्र्याच्या आतड्यात एक अतिशय लहान पट्टकृमी राहतो. त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर व पाण्यात पडतात आणि शेळ्या-मेंढ्या, गाई-म्हशी व माणसे यांच्या यकृतात व फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी निर्माण करतात. अशा गाठी असलेले यकृत वा फुप्फुस ‘खराब’ म्हणून कुत्र्यापुढे फेकले, की साखळी पुन्हा सुरू होते. दुसऱ्या एका पट्टकृमीची अवस्था मेंढीच्या मेंदूत वाढते. मेंढी मान वाकडी करून एकाच जागी गोल फिरू लागते. कळपातील मेंढ्यांना नियमित औषध पाजणारा मेंढपाळ सोबतच्या कुत्र्यांना मात्र वगळतो, तेव्हा रोगाचा उगम तसाच राहतो. गाय गाभडल्यावर वार व मृत गर्भ उकिरड्यावर टाकण्याची सवयही अशीच घातक आहे. ते खाणाऱ्या कुत्र्यांमार्फत गाभडण्यास कारणीभूत असलेले काही रोगजंतू पुन्हा चाऱ्यापर्यंत येऊ शकतात. वार व मृत गर्भ हातमोजे घालून उचलावेत आणि चुना टाकून खोल खड्ड्यात पुरावेत.

नित्याच्या सवयी

प्रतिबंधक काळजी म्हटले, की महागडी औषधे व शहरातील दवाखाने डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात तिचा बराचसा भाग घरच्या घरी होणारा आहे.

पहिली सवय पाहण्याची. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, किंवा कोणताही एक वार ठरवून, कुत्र्याच्या सर्वांगावरून पाच मिनिटे हात फिरवावा. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि मानेखाली गोचीड आहे काय, कोठे जखम, गाठ वा केस गेलेला भाग आहे काय, हिरड्या फिकट आहेत काय, हे पाहावे. फिकट हिरड्या, ताप आणि मंदावलेली भूक ही गोचीडजन्य रक्तरोगांची लक्षणे असू शकतात. जनावर रोज ज्याच्या हाताला सरावलेले असते, त्याच्या हातून त्याची तपासणी व औषधोपचारही सुकर होतात.

दुसरी सवय अन्नपाण्याची. केवळ भाकरी व ताक यांवर कुत्र्याचे पोषण पुरेसे होत नाही. त्यात उकडलेले अंडे, डाळ वा शिजवलेले मांस अधूनमधून असावे. शिजवलेली हाडे देऊ नयेत. त्यांचे अणकुचीदार तुकडे होऊन अन्नमार्गास इजा होते. उन्हाळ्यात सावलीत स्वच्छ पाण्याचे भांडे दिवसभर भरलेले असावे आणि ते रोज घासावे. आपल्याकडील दोन नगदी पिकांबाबत विशेष सावधगिरी हवी. द्राक्षे व बेदाणे यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कांदा व लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. बेदाण्याच्या शेडवर वा कांद्याच्या चाळीवर राखणीस असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ही माहिती मालकास असलीच पाहिजे.

तिसरी सवय विषापासून दूर ठेवण्याची. गोचीड मारण्यासाठी पिकावरील कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर ओतण्याचा प्रकार आजही घडतो आणि त्यात कुत्री दगावतात. गुरांवर फवारावयाची सायपरमेथ्रिन वा डेल्टामेथ्रिन यांसारखी गोचीडनाशके मांजरास तर कधीही लावू नयेत. कुत्र्यासाठी त्याच्या वजनानुसार पशुवैद्यकाने सांगितलेलेच औषध वापरावे, आणि कुत्रा जेथे झोपतो ती जागा, भिंतींच्या फटी व गोणपाटेही स्वच्छ करावीत. उंदरांसाठी मांडलेले झिंक फॉस्फाईडचे आमिष कुत्र्या-मांजरांच्या आवाक्यात ठेवू नये आणि मेलेले उंदीर पुरून टाकावेत. माणसांची वेदनाशामके मनाने देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

चौथी सवय जंतनिर्मूलनाची. पिलास दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि पुढे साधारणतः दर तीन महिन्यांनी जंतनाशक द्यावे. शेळ्या-मेंढ्यांच्या कळपासोबत राहणाऱ्या कुत्र्यांस पट्टकृमींवर परिणामकारक असलेले औषध दिले जाते काय, हे पशुवैद्यकास विचारून घ्यावे. अंगणातील विष्ठा रोज उचलून पुरावी आणि मुलांना जेवणापूर्वी हात धुण्याची सवय लावावी.

पाचवी सवय लसीकरणाची. पिलास सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून डिस्टेंपर, पार्वो, लेप्टोस्पायरोसिस आदी रोगांवरील संयुक्त लसीची मालिका सुरू करावी. तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस द्यावी. वर्धक मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी आणि त्यानंतर दरवर्षी लस टोचावी. मांजरासही रेबीजची लस आवश्यक आहे. पिल्ले नको असल्यास निर्बीजीकरण करावे. नकोशी पिल्ले बाजाराच्या गावी सोडून देणे म्हणजे आपली जबाबदारी दुसऱ्या गावाच्या माथी मारणे होय.

आणि चावा झालाच तर? जखम तत्काळ साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि लसीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी पूर्ण कराव्यात. जखम खोल असल्यास लसीबरोबर प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. त्याविषयी आग्रहाने विचारावे. लक्षणे दिसू लागल्यानंतर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. गुरास चावा झाल्यासही जखम याच पद्धतीने, हातमोजे घालून धुवावी आणि पशुवैद्यकाकडून चाव्यानंतरची लसमालिका त्वरित सुरू करावी.

काही आक्षेप

पहिला आक्षेप खर्चाचा असतो : कुत्रा दूध देत नाही, मग त्याच्यावर पैसे का खर्चावेत? याचे उत्तर हिशेबाचे आहे. कुत्र्याच्या एका वार्षिक लसीची किंमत एका बाजूला आणि एका दुभत्या म्हशीची किंमत, घरातील सर्वांची लसमालिका व बुडालेली मजुरी दुसऱ्या बाजूला, अशी वजाबाकी पशुपालकाने स्वतःच करून पाहावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : मोकाट कुत्र्यांचा उपद्रव इतका वाढला असताना त्यांची काळजी कसली घ्यायची, ती हटवावीत. ज्यांच्या शेळ्या कुत्र्यांच्या टोळीने फाडल्या, ज्यांचे मूल चावले गेले, त्यांचा संताप मी समजू शकतो. त्याकडे दुर्लक्ष करून कोणतेही धोरण यशस्वी होणार नाही. तथापि उकिरडे व मांसाचा टाकाऊ भाग उघड्यावर पडत राहील, तोवर हटवलेल्या कुत्र्यांची जागा नवी कुत्री घेतील, आणि ती लस न टोचलेली असतील. जयपूरने सोडलेल्या कुत्र्यांनी आपापली जागा राखली आणि लस टोचलेल्या कुत्र्यांचे प्रमाण टिकून राहिले, हे लक्षात घेतले पाहिजे. पिसाळलेल्या वा सतत हल्ला करणाऱ्या कुत्र्याचा प्रश्न निराळा आहे. त्याची सूचना स्थानिक संस्थेस व पशुवैद्यकास तत्काळ दिली पाहिजे.

तिसरा आक्षेप ‘आपला नाही’ हा. कायद्याच्या दृष्टीने पाळीव प्राण्याची जबाबदारी मालकाची, तर मालक नसलेल्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरण व लसीकरणाची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. गावातील बहुसंख्य कुत्री या दोहोंच्या मध्ये असतात. ती अर्धवट आपली आणि अर्धवट गावाची. म्हणूनच ती दोन्हीकडून सुटतात. जो भाकरी घालतो त्याने निदान लसीच्या दिवशी कुत्रा धरून आणावा, एवढा संकेत गावाने ठरवला तरी ही पोकळी बरीचशी भरून निघेल.

विस्तार कार्यकर्त्यांकडून अपेक्षा

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात व राजस्थानात प्रत्येकी बारा लाखांहून अधिक भटक्या कुत्र्यांची नोंद झाली. केंद्र शासनाने २८ सप्टेंबर २०२१ रोजी जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात, कुत्र्यांमार्फत होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट आहे. हे उद्दिष्ट शहरांतील मोहिमांनी साध्य होणार नाही. ते गावांत, वाड्या-वस्त्यांवर आणि मेंढवाड्यांपर्यंत पोचावे लागेल. तेथे नियमितपणे पोचतात ते आपणच.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाची फेरी गावात जातेच. ती लस शीतपेटीतून २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात न्यावी लागते. रेबीजची लसही त्याच तापमानात ठेवली जाते. म्हणजे तीच शीतपेटी, तोच दिवस आणि तीच माणसे पुरेशी आहेत. आदल्या दिवशी दवंडी वा समाजमाध्यमावरील निरोपात ‘जनावरांसोबत कुत्री-मांजरेही बांधून ठेवा’ एवढे एक वाक्य वाढवावे. जी कुत्री हाती येत नाहीत, त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीने प्रशिक्षित पथकाची मागणी नोंदवावी. कुत्री हाताळणाऱ्या प्रत्येक पशुधन पर्यवेक्षकाने व पशुसखीने स्वतःची रेबीजपूर्व प्रतिबंधक लस अगोदर घेतलेली असावी; त्यांच्या सुरक्षेशी कोणतीही तडजोड नको.

प्रगतशील शेतकऱ्यांनाही एक विनंती आहे. आपल्या गोठ्यावर शिवारफेरी होते, शेजारचे पशुपालक पाहावयास येतात. मुरघास, मुक्तसंचार गोठा आणि दुधाच्या नोंदी दाखवताना दाराशी असलेल्या कुत्र्याच्या लसीची नोंदही त्यांना दाखवा. शेजारी पाहून शिकतो, हे विस्तारशास्त्राचे जुने सूत्र येथेही लागू पडते.

जयपूरच्या त्या भागाला माणसांमधील रेबीज शून्यावर आणण्यास आठ वर्षे लागली, आणि ती वर्षे गल्लीमागून गल्ली, वर्षामागून वर्ष अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामात गेली. आपल्या गावासाठी त्या कामाचा आरंभ एका रकान्याने होऊ शकतो. गोठ्याच्या नोंदवहीत गाई-म्हशींच्या नावांखाली कुत्र्याचे नाव लिहा आणि पुढे तीन तारखा ठेवा : रेबीजची लस, जंतनाशक आणि पुढील मात्रा. पुढच्या भेटीत मी तो प्रश्न पुन्हा विचारणार आहे. त्या वेळी ‘तो आपला नाही’ या उत्तराऐवजी एखादी तारीख ऐकावयास मिळावी, एवढीच अपेक्षा.